सैल हात

चैत्रातल्या जत्रेत, भर दुपारी, तुकाईच्या ओटीमंडपाच्या दारात अंबूच्या मनगटावरचं कडं पिवळं झालं. हिरवं झालं की बाई, तांबडं झालं की पुरुष, एवढं आता सगळ्या बार्शीला पाठ होतं. पिवळ्याचं काय करायचं हे दारावरच्या रखवालदारालाही ठाऊक नव्हतं.

"परत लावा," तो म्हणाला.

परत लावलं. परत पिवळं.

"हात पुसून लावा."

हात पुसून लावला. या वेळी कड्यातून गोड आवाजही आला. "नोंद जुळत नाही. कृपया बाजूला थांबावे."

"अरे बाबा, मला कशाला लावतोस ते?" अंबू हसत म्हणाली. "मी अंबू कासार. देवीच्या हातात पहिली बांगडी मी भरते. माझ्या आधी माझा बाप भरायचा. आत कुठल्याही बाईला विचारून ये जा."

रखवालदार परगावचा होता. त्याला समोर दिसत होतं ते असं: अठ्ठावन्न वर्षांचं माणूस, अंगात पांढरा सदरा आणि धोतर, ओठावर बारीक कोरलेली मिशी, डोळ्यांत काजळ, आणि डाव्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या. उजवा हात कामाचा, म्हणून रिकामा. कागदोपत्री नाव अंबादास अंदुरे. निम्मं गाव अंबूमामा म्हणे, निम्मं अंबूमावशी. स्वतः अंबू बोलण्याच्या ओघात कधी 'आलो' म्हणे, कधी 'आले', आणि त्यात तिला काही निराळं वाटत नसे. तिची आई शेवटपर्यंत 'ती' म्हणत आली, म्हणून इथेही तसंच म्हटलं आहे. आपण बाई आहोत असं अंबूने कधी सांगितलं नाही, पुरुष आहोत असंही नाही. कासार आहे, एवढं सांगितलं की तिच्या लेखी सगळं सांगून व्हायचं.

दुसरा रखवालदार आला. तो पहिल्यापेक्षा तापट होता.

"बांगड्या घालून बायकांत शिरायचं सुचलं काय? काढा त्या."

"दादा, काचेच्या आहेत. काढायला तेल-पाणी लागतं, वेळ लागतो. मी आत जाऊन—"

त्याने डावा हात धरला आणि दाराच्या लोखंडी कठड्यावर आपटला. एकदा, मग पुन्हा. एकवीस बांगड्या होत्या. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. तडकलेल्या बांगडीलासुद्धा अशुभ शब्द लावायचा नाही, असं अंबूने गिऱ्हाइकांना आयुष्यभर बजावलेलं. त्या दुपारी मात्र खाली पडलेल्या काचा बघून तिच्या तोंडून शब्द निघाला तो असा: "फोडल्या."

रांगेतल्या काही बायका ओरडल्या, काही गप्प राहिल्या. बाहेरची तरुण पोरं हसली. मंडपाशेजारच्या मंचावर ऋतुराज उभा होता. हे कडं त्याने बनवलेलं, आणि आज त्याचाच सत्कार होता. त्याने सगळं पाहिलं. एका वार्ताहराने ध्वनिवर्धक पुढे करून विचारलं, "ते कोण होते? तुमचे कुणी नातेवाईक आहेत म्हणतात."

ऋतुराज क्षणभर थांबला. मग म्हणाला, "आमच्या गल्लीत राहतात. वाईट वाटतं, पण यंत्र चुकत नाही."

कर्ण्यांवरून ते वाक्य जत्राभर गेलं. अंबूच्या हातातून रक्त गळत होतं, तरी तिने प्रत्येक शब्द ऐकला.

ऋतुराज तिच्या बहिणीचा मुलगा. संजीवनीचा नवरा गेला तेव्हा तो दोन वर्षांचा होता. मायलेकरं कासार गल्लीत आली ती कायमची. दुकान पुढे, घर मागे. त्याला अंबूने शाळेत घातलं, पुण्याला शिकायला पाठवलं, गल्लीतल्या पोरांनी 'मिशीवाल्या मावशीचा पोरगा' म्हणून चिडवलं तेव्हा त्याच्यासाठी भांडायलाही तीच गेली.

सहा वर्षांपूर्वी तो एक पातळ, कातडीसारखा हातमोजा घेऊन आला.

"मामा, हा उजव्या हातात घालून बांगड्या भरायच्या. बाकी काही नाही. तुझ्या हाताला जे कळतं ते कुठल्या पुस्तकात नाही. तू हात दाबून सांगतोस, बांगडीचं माप सव्वादोन का अडीच, सुजलाय का, पोटुशी आहे का. हे तुझ्याबरोबर संपायला नको."

अंबूला त्या वाक्याने भरून आलं. तीन वर्षं तिने तो मोजा घालून काम केलं. अठरा हजार हात झाले. हाडाची रुंदी, नाडीची लाट मनगटापर्यंत जाऊन परत कशी येते, कातडीचा ओलावा, आणि अंगठ्याखालचा मांसल भाग दाबल्यावर हात किती विरोध करतो, हे सगळं मोज्याने टिपलं. पुरुषांचे अठरा हजार हात ऋतुराजने कारखान्यांच्या फाटकांवर, चिमटा बसवलेल्या यंत्रावर घेतले. मग दोन्ही ढीग संगणकापुढे ठेवले आणि म्हणाला, यांतला फरक तूच शोध. संगणकाने शोधला. त्यातून 'सखी' हे कडं निघालं. आतली बारीक रबरी नळी तीन सेकंद फुगते, अंबूच्या बोटांनी दाबावं तसं मनगट आणि अंगठ्याचा बुंधा दाबते, हात काय उत्तर देतो ते मोजते आणि रंग दाखवते. बायकांच्या सुरक्षेसाठी म्हणून ते फुकट वाटलं गेलं. बसमधल्या राखीव जागा, वसतिगृहं, ओटीमंडप, सगळीकडे कडं दाखवायचं.

जत्रेनंतर आठवड्याभरात पुढची बातमी आली. दसऱ्यापासून हे राज्यभर लागू होणार. हिरव्या खुणेशिवाय कुणीही बाईच्या हातात बांगड्या भरायच्या नाहीत, केस कापायचे नाहीत, कपड्याची मापं घ्यायची नाहीत. अखेरची मंजुरी द्यायला समिती श्रावणात बार्शीलाच येणार होती, कारण यंत्र बार्शीच्या हातांवर शिकलं होतं.

दसऱ्यानंतर अंबूने कुणाही बाईचा हात धरला तर तो गुन्हा ठरणार होता.

ती रडली नाही. संजीवनीने जखमांना हळद लावली, काचेचे कण चिमट्याने काढले. अंबू भिंतीकडे बघत एवढंच म्हणाली, "गल्लीत राहतात म्हणाला."

"मोठ्या माणसांपुढं गोंधळला असंल, दादा."

"गोंधळलेला माणूस अडखळतो, संजू. ह्यो थांबला, इचार केला, आन मग बोलला." तिने हात सोडवून घेतला. "त्याचं नाव झालंय ना त्या कड्यानं? त्याच कड्यानं घालवीन. चार लोकांत. कर्ण्यावर."

पण कसं, ते तिलाही माहीत नव्हतं. वाट सापडली ती ज्येष्ठात, तीही आपल्या पायाने दुकानात चालत आली.

तनिष्का नावाची परिचारिकेचं शिक्षण घेणारी पोरगी तणतणत आली आणि पाटावर बसली. "मावशी, ह्या कड्याचं काहीतरी करा. बसमधी तांबडं झालं. कंडक्टरनं सगळ्यांदेखत उठवलं मला. म्हणतो, दादा, मागं जा."

"पहिल्यांदा झालं?"

"तिसऱ्यांदा! परीक्षेच्या दिवशीबी झालं हुतं. तक्रार केली तर म्हणत्यात, हात पुसून पुन्हा लावा."

अंबूने तिचा हात घेतला. लाकडासारखा ताठ होता. अशा हातात बांगडी चढवली की ती तरी जाते नाहीतर कातडं तरी. म्हणून अंबूने रोजच्या सवयीने आधी बोलायला सुरुवात केली. कंडक्टरची नक्कल केली, वसतिगृहातल्या आमटीची चौकशी केली, ती दोनदा हसेपर्यंत बांगडीला हात लावला नाही. तिच्या बापाने शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती. हात हसल्याशिवाय बांगडी उचलायची नाही. हळूहळू तनिष्काचा हात कापसासारखा झाला. अंबूने दाबला, बांगड्या सरसर चढवल्या.

"बघू आता कडं लावून," ती सहज म्हणाली.

कडं लागलं. हिरवं.

"बघा! आता बरं होतंय मेलं," तनिष्का म्हणाली.

अंबूचा हात तिच्या हातावर तसाच थांबला. तिच्या डोक्यात काहीतरी हललं होतं. तेवढ्यात समोरचा चहावाला पोपट दोन कप घेऊन पायरीवर आला. पन्नाशीचा, मिशाळ, सहा फुटी गडी.

"पोपट, बस हितं. हात दे."

"मला काय बांगड्या भरताय व्हय, मावशी?"

"दे म्हणते ना."

तनिष्काचं कडं त्याच्या मनगटावर कसंबसं बसलं. तांबडं झालं. "आता?" पोपट म्हणाला. अंबूने त्याचा हात मांडीवर घेतला. "म्हैस व्याली म्हनं तुझी?" एवढं विचारायचा अवकाश, पोपटाचा चेहरा खुलला. रेडकू कसं झालं, कपाळावर चांदा कसा आहे, पहिल्याच दिवशी त्याच्या बायकोला कसं ढुशी मारून पाडलं, तो रंगून सांगत गेला. अंबू हं हं म्हणत अंगठ्याखाली बोटं फिरवत होती. मग हळूच कड्याची कळ दाबली.

"नमस्कार, ताई," कडं म्हणालं. "आपली नोंद जुळली."

पोपट ताडकन उठला. "मावशी, पुसा! आदी पुसा त्ये! आमच्या हिला कळलं तर म्हशीच्या दावणीला मलाच बांधंल."

तनिष्का हसून लोळली. अंबू हसली नाही. तिला सगळं एकदम उलगडलं होतं.

मोजा चालू व्हायचा तो तिने हात दाबायला घेतल्यावर. त्याआधीचं बोलणं, हसवणं, धीर देणं तिने ऋतुराजला कधी सांगितलंच नव्हतं, कारण ते तिला काम वाटतच नव्हतं. चूल पेटवल्याशिवाय भाकरी होत नाही, हे कोण वेगळं सांगतं? त्यामुळे मोज्याने टिपलेले अठराच्या अठरा हजार हात सैल झालेले हात होते. आणि कारखान्याच्या फाटकावर, साहेबांपुढे, चिमट्यात अडकवलेले पुरुषांचे हात ताठ होते. हाडाचं माप फसवं असतं. शेतात राबणाऱ्या बाईचं मनगट कारकुनापेक्षा रुंद निघतं. नाडी तर घडीघडीला बदलते. संगणकाला दोन ढिगांत सगळ्यांत पक्का फरक सापडला तो एकच: इकडचे हात दाबलं की सोडून देतात, तिकडचे ताठरतात. त्याने तोच धरला.

"म्हणजे हे बाई ओळखायला शिकलंच नाही," तनिष्का सावकाश म्हणाली. "तुमचं गिऱ्हाईक ओळखायला शिकलं."

"माझ्या हातात निवांत झालेला हात ओळखतंय."

"मग तुमचं पिवळं का झालं?"

अंबूने आपला उजवा हात उलटसुलट पाहिला. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या हाताला सैल करता करता तो वरून मऊ झाला होता. पण कुणी धरलं की आतून आवळला जायचा. रस्त्यात, शाळेत, बाजारात, तिचा हात कुणी धरला तो पिरगाळायलाच. अर्धा सैल, अर्धा ताठ. यंत्राने खरं तेच सांगितलं होतं, अर्थ मात्र भलता लावला होता.

"कडं बनवणाऱ्या कंपनीला कळवू या," तनिष्का म्हणाली. "दुरुस्त करतील."

"खबरदार!" अंबूचा आवाज इतका वाढला की पोपटाचा कप हिंदकळला. "दुरुस्त केलं तर तो वाचंल. कुणाला बोलायचं न्हाई. पंचमी येऊ दे."

नागपंचमीच्या आधी बार्शीतली आणि आसपासच्या खेड्यांतली बाई नव्या बांगड्या भरल्याशिवाय राहत नाही. ते आठ-दहा दिवस अंबूच्या दुकानात बसायला जागा नसायची. त्या वर्षीही नव्हती. येणारीची नजर आधी अंबूच्या रिकाम्या डाव्या हातावर जाई, तिथल्या वणांवर थांबे. बऱ्याच जणी जत्रेत रांगेत होत्या. ज्या गप्प राहिल्या होत्या त्या खाली बघत.

अंबू प्रत्येकीचा, विधवेचासुद्धा, हात हातात घेई, आणि बांगड्या चढल्या की हात सोडायच्या आधी हळू आवाजात सांगे, "समितीची लोकं येनार हाईत. नाट्यगृहात तुला बोलवत्याल, कडं लावत्याल. ते दाबाय लागलं की एकच कर. ज्यानं तुझा हात तुझ्या मनाइरुद्ध धरला असंल, त्याला आठव."

कुणी विचारलं नाही की असा कोण. प्रत्येकीला होता.

ऐंशी वर्षांची गऊबाई तेवढी म्हणाली, "एकालाच आठवू का समद्यास्नी? यादी लांब हाय माझी. तीन शेकंदात बसायची न्हाई."

"जास्त ताठ कोणाच्या आठवणीनं होतेस?"

"आमच्या म्हाताऱ्याच्या. मेला, तरी हात आखडतो."

"मग त्योच."

संजीवनीला हे कळायला दोन दिवस लागले. भर दुपारी गिऱ्हाईक असताना ती मागच्या दारातून आली आणि सगळ्यांदेखत पाटावर बसली.

"माझ्याबी भर, दादा."

अंबूने तिचा हात घेतला. हा हात तिने पहिल्यांदा भरला तेव्हा संजीवनी चार वर्षांची होती.

"त्याचं चुकलं," संजीवनी म्हणाली. "पण लेकरू हाय ते."

"एकोणतीस वर्षांचं?"

"आईला तसंच असतंय. त्याची सगळी उमेद त्या कड्यात हाय. ते गेलं तर उठायचा न्हाई तो परत."

"माझा धंदा गेला तर मी उठंन?"

अंबूने चार बांगड्या चढवल्या, मग थांबली. "एक सांग त्याला. ह्या पायरीवर यावं, गल्ली ऐकंल एवढ्या आवाजात म्हनावं, हा माझा मामा. बस. त्या कड्याचं काय मोडलंय ते मी स्वतः त्याला समजावून सांगते. समितीच्या आत नीट करू दे. मी तोंड शिवून बसते."

"खरंच?"

"तुझा हात हातात घिऊन सांगते."

संजीवनीने त्याच दुपारी त्याला पुण्याला फोन केला. पंचमीच्या आदल्या सकाळी ती पुन्हा दुकानात आली, तेव्हा अंबूला तिच्या चालीवरूनच उत्तर कळलं.

"हसला," संजीवनी म्हणाली. "म्हणला, यंत्रात काय मोडलेलं न्हाई. मामाला आराम करायला सांग. समितीचं होऊन जाऊ दे, दसऱ्यानंतर बघू येण्याचं."

"दसऱ्यानंतर," अंबू म्हणाली. "बरं."

तिने पुढच्या बाईचा हात ओढून घेतला. त्या दिवशी तिने एकशे बारा जणींना बांगड्या भरल्या, आणि कुणालाच सांगायला विसरली नाही.

पंचमीनंतर दोन दिवसांनी नगरपालिकेच्या नाट्यगृहात समिती आली. अध्यक्षा सबनीसबाई. बारीक चष्मा, फार बोलणं नाही. मागे भला मोठा पडदा. मंचावर ऋतुराज, निळ्या कोटात, हसतमुख. सभागृहात बायकाच बायका, आणि मागच्या रांगांत तमाशा बघायला आलेले पुरुष.

सबनीसबाईंनी खुर्च्यांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या स्वतः काढल्या. अकरा बायका एकेक करून मंचावर जाणार होत्या.

पहिली गेली. पडद्यावर तिचं मनगट दिसलं. तांबडं.

"घाम असेल," ऋतुराज म्हणाला. "पुसून पुन्हा लावू."

तांबडं. दुसरी, तांबडं. तिसरी गऊबाई. तिने डोळे मिटले आणि असं तोंड केलं की पहिल्या रांगेत हशा पिकला. कडं अदबीने म्हणालं, "क्षमस्व, दादा. ही जागा महिलांसाठी राखीव आहे."

"नऊ बाळंतपनं झाली रं माझी, मेल्या!" गऊबाई कड्याला म्हणाली.

सभागृहात एकच हशा उसळला. ऋतुराजने कडं बदललं, मग तेही बदललं. चौथी, पाचवी, सहावी. सातवी तनिष्का होती, तिचंही तांबडं, पुढच्या तिघींचंही. अकराव्या चिठ्ठीचा क्रमांक पुकारला आणि संजीवनी उठली.

संजीवनीला मात्र अंबूने तसं काही आठवायला सांगितलं नव्हतं. आई आपल्या पोराजवळ जाऊन हात पुढे करणार, तो सैल नसेल तर काय असेल?

ऋतुराजने कडं तिच्या मनगटावर चढवलं. "आई," तो दबक्या आवाजात म्हणाला, पण ध्वनिवर्धक चालू होता, "घाबरू नको. फक्त शांत राहा. निदान तुझं तरी नीट येऊ दे."

संजीवनीने त्याच्याकडे पाहिलं. नळी फुगली. तीन सेकंद. तांबडं.

ती कडं काढून त्याच्या हातात ठेवून खाली उतरली.

सबनीसबाईंनी चष्मा काढला. "अकरापैकी अकरा चूक. काय म्हणणं आहे तुमचं?"

"सभागृहात उकाडा आहे, मॅडम. पण पुरुषांच्या बाबतीत बघा, अचूक आहे." त्याने घाईघाईने कडं स्वतःच्या मनगटावर चढवलं. तांबडं. "बघा! हे बरोबर आहे की नाही?"

"तेबी चूक हाय," अंबू म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. माना वळल्या. पांढरं धोतर, काजळ, उघडा डावा हात.

"त्याचा हात भ्यालाय, म्हणून तांबडा हाय. मॅडम, ह्या कड्याला बाई कळत न्हाई आन बुवा कळत न्हाई. ताठ हात आन सैल हात, एवढंच कळतं. बायकांचे हात माझ्या हातावरनं घेतले त्यानं. मी सैल करून दिलेले. पुरुषांचे घेतले कारखान्याच्या दारात, चिमट्यात. आज ह्या बायका रागात हाईत म्हणून तांबड्या."

"आपण कोण?" सबनीसबाईंनी विचारलं.

"ह्याच्या गल्लीत राहनारं माणूस."

ऋतुराजचा चेहरा उतरला. "मॅडम, हे वैयक्तिक—"

"दाखवू शकाल?" सबनीसबाई अंबूला म्हणाल्या.

"त्यालाच इचारा. हात देतो का म्हनावं."

नाही म्हटलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं, आणि ऋतुराजला ते कळत होतं. पण पुरुषाच्या हाताला तरी यंत्र चुकणार नाही, अशी त्याला खात्री होती. "या," तो म्हणाला. "समितीचं समाधान होऊ दे."

अंबू मंचावर चढली आणि त्याच्यासमोर खुर्चीत बसली. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. हात गार होता, बोटं आखडलेली.

इथे काय बोलायचं हे तिने दोन महिने ठरवून ठेवलं होतं. पण बोलावं लागलंच नाही. तिचा अंगठा त्याच्या तळव्याच्या मध्यावर टेकला, एकदा गोल फिरला, आणि हात सुटला. दोन वर्षांच्या पोराला ताप आला की झोपवायला ती असाच अंगठा फिरवायची. ते त्याला आठवत असेल-नसेल, हाताला आठवत होतं. मनगट ढिलं पडलं. बोटं तिच्या बोटांत आली आणि विसावली. जत्रेतलं ते वाक्य, निळा कोट, समिती, सगळं वर कुठेतरी राहिलं. हाताचा तिच्यावर अजून पुरता विश्वास होता.

अंबूला ते कळलं. अठरा हजार हातांत इतका सैल हात तिने क्वचितच धरला होता. पुढे काय होणार हेही तिला ठाऊक होतं. अजून वेळ होता. अंगठ्याचं नख जरा टोचलं असतं तरी हात आखडला असता आणि तो वाचला असता.

तिने नख टोचलं नाही. तिने कळ दाबली.

"नमस्कार, ताई," कडं म्हणालं, आणि कर्ण्यांनी ते सभागृहभर नेलं. "आपली नोंद जुळली."

पडदा हिरवा झाला. मागच्या रांगांतून पहिली शिट्टी आली, मग दुसरी, मग कुणीतरी ओरडलं, "बांगड्या भरा रं त्याला!" शंभर तोंडांनी ते उचललं. हीच आरोळी अंबूच्या मागे आयुष्यभर आली होती, शाळेच्या फाटकापासून तुकाईच्या दारापर्यंत. आज ती पहिल्यांदा दुसऱ्यावर पडत होती. अंबूने तिला थांबवलं नाही. तिने ती शेवटच्या तोंडापर्यंत ऐकून घेतली. पुढच्या रांगांतल्या बायका मात्र ओरडत नव्हत्या. त्या नुसत्या बघत होत्या.

सबनीसबाईंनी मंजुरीच्या कागदावर आडवी रेघ मारली, वही मिटली आणि उभ्या राहिल्या.

ऋतुराज मान खाली घालून बसला होता. कोटाची कॉलर घामाने भिजली होती. "मामा," तो म्हणाला. चार महिन्यांत तिला समोरासमोर पहिल्यांदा. "झालं तुझं. आता सोड ना हात."

अंबूने खाली पाहिलं.

"मी कवाच सोडलाय," ती म्हणाली. "तूच धरून बसलायस."

मग तिने त्याची बोटं आपल्या हातातून एकेक करून सोडवली, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, आणि त्याचा हात त्याच्याच गुडघ्यावर ठेवून मंचाच्या पायऱ्या उतरू लागली.